दुधाची खूण

रायगडाच्या पश्चिम अंगाच्या कड्यावरून खाली पाहिले म्हणजे आजही छाती दडपते. आमच्या शाळेची सहल गडावर गेली की मुले त्या बुरुजापाशी थांबतात आणि मला हिरकणीची गोष्ट पुन्हा एकदा सांगावी लागते. पायथ्याच्या वाडीतली ती गवळण कोजागिरीच्या दिवशी दूध घालायला गडावर गेली. दिवस मावळला, दरवाजे बंद झाले आणि घरी तान्हे मूल एकटे. ती अंधारात तो कडा उतरून गेली. महाराजांना हे कळले तेव्हा त्यांनी तिचा गौरव केला आणि त्या जागी बुरूज बांधला. ही दंतकथा आहे, हे मी मुलांना सांगते. पण महाड तालुक्यात ती कोणी दंतकथेसारखी ऐकत नाही.

एका वर्षी सातवीतल्या एका चुणचुणीत मुलीने विचारले, "बाई, शेजारणीने बाळाला वरचं दूध पाजलं असतं की! मग हिने एवढा जीव धोक्यात का घातला?" मला चटकन उत्तर सुचेना. जवळच ताकाची घागर घेऊन बसलेली एक म्हातारी हसली आणि म्हणाली, "अगं पोरी, बाळाची नड व्हती तशी तिचीबी नड व्हती. पान्हा दाटला म्हंजी बाईला बसवत नाय."

मातृत्वाविषयी आम्ही शाळेत पुष्कळ निबंध लिहवून घेतो. पण त्यात आईचे शरीर कुठेच नसते. त्या म्हातारीने एका वाक्यात ते आणून ठेवले. मूल जन्मते, दूध पिते, मोठे होते आणि मुंबईला निघून जाते; पण त्याच्या येण्याची खूण आईच्या शरीरात आयुष्यभर राहते. ती खूण माणसांनी कशी ओळखली, याचा इतिहास मला आज सांगायचा आहे. दिवाळीच्या अंकात, फराळाच्या ताटाशेजारी, स्तनाविषयी कोणी लिहावे काय, असे काही वाचकांना वाटेल. त्यांना माझी एवढीच विनंती आहे की, लेख शेवटपर्यंत वाचावा आणि मग रागवावे.

हा विषय माझ्याकडे आला तो घरातूनच. माझी एक मावसबहीण डोंबिवलीला असते. वय बेचाळीस, नोकरी करणारी. लग्न उशिरा झाले आणि चौतिसाव्या वर्षी एकच मुलगी झाली. दोन वर्षांमागे तिने छातीचा क्ष-किरण फोटो, ज्याला मॅमोग्राफी म्हणतात तो, काढून घेतला. अहवालात गाठ नव्हती; पण स्तनाची 'घनता' जास्त आहे, असा शेरा होता. त्या एका शब्दाने घरात काहूर माजले. सासूबाई म्हणाल्या, "आम्ही सांगत होतो, दुसऱ्याचा विचार कर. एकावर थांबलीस त्याचं हे फळ." बहिणीने रात्री मला दूरध्वनी केला आणि रडत रडत विचारले, "ताई, खरंच का गं माझ्या चुकीनं झालं हे?"

मी काही डॉक्टर नाही. माझे शिक्षण बेताचे, वाचनाची मात्र खोड. तिला उत्तर द्यायचे म्हणून मी वाचू लागले आणि वाचता वाचता पार इटलीतल्या मठांपर्यंत जाऊन पोहोचले.

मात्र आधी ही खूण म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. वयात आलेल्या मुलीच्या स्तनात दुधाच्या नळ्यांचे जाळे असते. पण ते पानगळीतल्या झाडासारखे. फांद्या आहेत, पालवी नाही. गर्भ राहिला की या फांद्यांच्या टोकांना दूध तयार करणाऱ्या पेशींचे घोस लगडू लागतात. मूल अंगावर पिणे सोडते तेव्हा त्यांतले बहुतेक घोस ओसरतात आणि त्यांची जागा मेद घेतो. तरी झाड पुन्हा पहिल्यासारखे होत नाही. एकदा दुधाचे काम करून आलेल्या पेशी जाणत्या होतात. कोवळ्या पेशींना वाढण्याची जी घाई असते ती त्यांच्यात कमी उरते. आणि कर्करोग म्हणजे तरी काय? पेशींनी मर्यादा सोडून वाढत सुटणे.

हे सूक्ष्म ज्ञान अलीकडचे. सूक्ष्मदर्शकातून पेशी ओळखण्याच्या कितीतरी आधी ती खूण दुरून दिसली होती; आणि दिसली ती ज्यांना मुले झालीच नव्हती अशा स्त्रियांत.

इटलीत बर्नार्डिनो रामाझिनी नावाचा एक वैद्य होऊन गेला. निरनिराळे धंदे करणाऱ्या माणसांना कोणकोणते रोग होतात, यावर त्याने १७०० साली एक ग्रंथ लिहिला आणि १७१३ साली त्याची वाढवलेली आवृत्ती काढली. खाणकामगार, कुंभार, धोबी अशा सगळ्यांपाशी जाऊन तो त्यांच्या कामाची विचारपूस करी. त्याला दिसून आले की, मठांत राहणाऱ्या जोगिणींमध्ये स्तनाचा कर्करोग इतर स्त्रियांपेक्षा अधिक आढळतो. त्याने कारणाविषयी केलेला तर्क आज टिकणारा नाही. पण त्याचे निरीक्षण टिकले. पुढे व्हेरोना शहरात डोमेनिको रिगोनी-स्टर्न याने १७६० ते १८३९ अशा ऐंशी वर्षांच्या मृत्यूंच्या नोंदी चाळल्या आणि १८४२ साली आपले निष्कर्ष मांडले. जोगिणींत स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण अधिक आणि गर्भाशयाच्या कर्करोगाचे कमी. विवाहितांत नेमके उलट. गावच्या जन्ममृत्यूच्या वह्यांतून असे काही निघू शकते, ही कल्पनाच त्या काळी नवी होती.

परंतु मृतांच्या वह्या बोलत नाहीत. जिवंत बायकांना विचारण्याचे काम एका बाईनेच केले. इंग्लंडातल्या डॉक्टर जेनेट लेन-क्लेपन यांनी १९१२ साली अंगावरचे दूध पिणारी आणि गाईचे उकळलेले दूध पिणारी मुले यांच्या वजनांची तुलना करून दाखवली होती. माझ्या विद्यार्थिनीने गडावर विचारलेला वरच्या दुधाचा प्रश्न त्यांनी असा शास्त्राच्या काट्यावर तोलला होता. १९२६ साली त्यांनी स्तनाचा कर्करोग झालेल्या सुमारे पाचशे स्त्रिया आणि तो नसलेल्या तितक्याच स्त्रिया निवडल्या आणि दोघींना तेच प्रश्न विचारले. लग्न कितव्या वर्षी झाले? मुले किती? अंगावर पाजले का? रोग झालेल्या स्त्रियांना मुले कमी होती, लग्ने उशिरा झाली होती. आजारी आणि निरोगी यांना शेजारी शेजारी बसवून प्रश्न विचारण्याची ही रीत पुढे साऱ्या वैद्यकात रूढ झाली. तंबाखू आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचे नाते याच रीतीने उघडकीला आले. लेन-क्लेपनबाईंनी १९२९ साली लग्न केले आणि त्यांचे संशोधन तिथेच थांबले.

आता आपल्याकडे वळू. त्याच १९२९ साली मुंबई इलाख्यात प्रसूतीच्या काळात कामगार स्त्रीला रजा आणि भत्ता देणारा कायदा झाला. हिंदुस्थानातला अशा तऱ्हेचा तो पहिला. जुलै १९२८ मध्ये कायदे कौन्सिलात त्याची बाजू मांडणाऱ्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला तेव्हा जेमतेम सव्वा वर्ष झाले होते. बाळंतपण हा बाईचा खाजगी मामला नसून त्याचा भार समाजाने वाहिला पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. त्या काळी मुंबईच्या गिरण्यांतल्या कामगारांपैकी सुमारे पाचवा हिस्सा स्त्रिया होत्या. तान्ह्या मुलांना अफूची गोळी चाटवून, खोलीत निजवून त्या साच्यावर जात. पान्हा दाटला तरी त्यांना उतरायला कडासुद्धा नव्हता. गिरणीचा दरवाजा भोंग्यावाचून उघडत नसे.

महाड-पोलादपूरच्या माणसाला परळ, लालबाग हे परके मुलूख वाटत नाहीत. आमच्या डोंगरात भात, नाचणी, वरी पिकते. ती वर्षभर पुरत नाही. म्हणून पुरुषांनी गिरणीची वाट धरली आणि बायका शेत, गुरे आणि म्हातारी माणसे सांभाळीत मागे राहिल्या. धनी गणपतीला आणि शिमग्याला गावी येत आणि त्यांच्या येण्याजाण्यावर पाळणे हलत. सहा-सात बाळंतपणे ही घरोघरची गोष्ट. प्रत्येक मूल दोन-दोन, अडीच-अडीच वर्षे अंगावर पिणारे. शास्त्र ज्याला स्तनाचे संरक्षण म्हणते ते आमच्या बायकांच्या वाट्याला असे न मागता आले. आणि त्याची किंमत त्यांनी रक्त आटवून, कितीदा प्राण देऊन मोजली, हेही विसरून चालणार नाही.

याच परळमध्ये २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा स्मारक रुग्णालय उघडले. तिथल्या प्रयोगशाळेची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आली. हिंदी माणसाला कर्करोग क्वचितच होतो, असा एक समज तेव्हा प्रचलित होता. खानोलकरांनी दाखवले की, रोग इथेही आहे. मात्र कोणत्या समाजात तो कोणत्या अवयवाला धरतो हे त्या समाजाच्या चालीरीतींवर अवलंबून असते. पुढे १९६३ साली डॉ. दाराब जस्सावाला यांच्या पुढाकाराने मुंबईत कर्करोगाची नोंदवही सुरू झाली. साऱ्या शहरातल्या रुग्णांची नोंद ठेवणारी ती देशातली पहिली वही. तिच्यातून एक गोष्ट ठळकपणे पुढे आली. मुंबईच्या इतर स्त्रियांच्या मानाने पारशी स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण कितीतरी अधिक होते. पारशी समाजात मुली शिकत, लग्ने उशिरा होत, कित्येकींची होतही नसत आणि मुले थोडी. व्हेरोनाच्या वह्यांत जे दिसले होते त्याचीच ओळख मुंबईच्या वहीत पुन्हा पटली. अर्थात वांशिक वारसा, आहार, आयुर्मान अशी इतरही कारणे त्यात मिसळलेली होती. एकट्या बाळंतपणांवर सारे ढकलणे बरोबर झाले नसते.

हा गुंता सोडवण्यासाठी ब्रायन मॅकमोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बोस्टन, वेल्समधील ग्लॅमॉर्गन, अथेन्स, स्लोव्हेनिया, साओ पाउलो, तैपेई आणि टोकियो अशा सात ठिकाणच्या स्त्रियांची एकाच पद्धतीने पाहणी केली. १९७० साली तिचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. मुले किती, यापेक्षा पहिले मूल कितव्या वर्षी झाले याला अधिक महत्त्व होते. जिचे पहिले मूल अठरा वर्षांच्या आत झाले तिला धोका, पस्तिशीनंतर पहिले मूल झालेल्या स्त्रीच्या सुमारे एकतृतीयांश होता. पहिले मूल पस्तिशीनंतर होणाऱ्या स्त्रीला तर मुळीच मूल न झालेल्या स्त्रीपेक्षाही धोका थोडा जास्त दिसला. नंतरच्या अभ्यासांनी यात आणखी एक बारकावा जोडला. प्रत्येक बाळंतपणानंतरची काही वर्षे धोका किंचित वाढलेलाच असतो. लाभ होतो तो पुष्कळ उशिरा. २००२ साली तीस देशांतल्या सत्तेचाळीस अभ्यासांचे आकडे एकत्र करण्यात आले. दर बाळंतपणामागे धोका सुमारे सात टक्क्यांनी आणि अंगावर पाजलेल्या दर बारा महिन्यांमागे आणखी सुमारे चार टक्क्यांनी कमी होतो, असे त्यातून निघाले.

इथे मला थांबून, शिक्षिका म्हणून एक गोष्ट बजावून सांगितली पाहिजे. मॅकमोहन यांचे आकडे ऐकून कोणी 'म्हणजे आमच्या आज्यांच्या वेळची लवकरची लग्नेच बरी' असा सूर काढील, तर तो आकड्यांचा नव्हे, अकलेचा दोष समजावा. कोवळ्या वयातले बाळंतपण मुलीला आणि बाळाला, दोघांनाही घातक असते. माझ्या वर्गातल्या किती मुली आठवी-नववीनंतर अचानक दिसेनाशा झाल्या, ते मला ठाऊक आहे. एका रोगाचा धोका थोडा कमी व्हावा म्हणून मुलीचे आयुष्य पणाला लावायला कोणतेही शास्त्र सांगत नाही.

आता माझ्या बहिणीच्या अहवालातल्या त्या शब्दाकडे येऊ. क्ष-किरणाच्या फोटोत मेद काळसर दिसतो आणि दुधाच्या ग्रंथी व तंतू पांढरे दिसतात. पांढरा भाग जितका अधिक तितकी घनता अधिक. हाताला स्तन टणक लागतो की मऊ, याच्याशी तिचा संबंध नाही. ती फोटोतच कळते. अमेरिकेतील डेट्रॉइट शहरातले डॉ. जॉन वुल्फ यांनी १९७६ साली या पांढऱ्या-काळ्या नक्षीचे चार प्रकार पाडले आणि ज्यांच्या फोटोत पांढरा भाग दाट असतो त्यांना पुढे कर्करोग होण्याचे प्रमाण अधिक असते, असे सांगितले. पुष्कळांनी मान हलवली नाही. पण कॅनडातले डॉ. नॉर्मन बॉइड आणि इतरांनी वर्षानुवर्षे मोजमाप करून ते खरे ठरवले. ज्यांच्या स्तनाचा तीनचतुर्थांश किंवा अधिक भाग दाट असतो त्यांना, जवळजवळ दाट भाग नसलेल्या स्त्रियांच्या मानाने, धोका चार-पाच पट असतो, असे २००७ च्या त्यांच्या अभ्यासात आढळले.

आणि या घनतेचे बाळंतपणांशी नाते आहे. मुले झालेल्या स्त्रियांत ती सरासरीने कमी असते आणि दर बाळंतपणामागे थोडी थोडी उतरत जाते. पाळी गेल्यावर ती आणखी उतरते. म्हणजे दुधाच्या घोसांची जागा मेदाने घेतल्याची जी खूण, तीच क्ष-किरणात काळी होऊन उमटते. रामाझिनीने जी दुरून पाहिली, लेन-क्लेपनबाईंनी विचारून काढली, ती खूण आता डोळ्यांना दिसू लागली.

घनतेची दुसरी अडचण साधी आहे. आंबेनळीच्या घाटात पावसाळ्यात धुके उतरते तेव्हा पांढरा बगळा दहा हातांवर असला तरी दिसत नाही. काळी म्हैस मात्र लांबून ओळखू येते. गाठही फोटोत पांढरीच दिसते. दाट पांढऱ्या भागात ती धुक्यातल्या बगळ्यासारखी लपते. म्हणून घनता जास्त असल्यास डॉक्टर सोनोग्राफीसारखी आणखी एखादी तपासणी करून पाहतात. अमेरिकेत सप्टेंबर २०२४ पासून प्रत्येक स्त्रीला तिच्या स्तनाची घनता कळवणे तपासणी केंद्रांवर बंधनकारक झाले आहे. 'घनता जास्त' हा शेरा म्हणजे रोगाचे निदान नव्हे. धुके आहे, दिवा लावून पाहा, एवढाच त्याचा अर्थ.

शिवाय ही घनता सासूबाई म्हणतात तशी सुनेने हट्टाने कमावलेली नसते. २००२ साली ऑस्ट्रेलिया आणि उत्तर अमेरिकेतल्या जुळ्या बहिणींचा अभ्यास झाला. एकाच वयाच्या स्त्रियांमध्ये घनतेत जो फरक पडतो त्यातला सुमारे साठ टक्के फरक जन्मतःच मिळालेल्या वारशाचा असतो, असे त्यातून दिसले. उरलेल्यात वय, वजन, पाळी आणि मग बाळंतपणे. सातवा वाटेकरी सगळी जमीन आपल्या नावावर करून घेतो, तसे आम्ही बाळंतपणांचे करून ठेवले आहे.

एवढे सगळे मी बहिणीला सांगितले. पण तिच्या प्रश्नाचे खरे उत्तर या आकड्यांत नव्हतेच. ते तिच्या आईत होते.

माझी ही मावशी पोलादपूरच्या पलीकडे एका डोंगरातल्या वाडीत राहायची. तिला सात मुले झाली. ही बहीण सगळ्यांत धाकटी. साती मुले तिच्या अंगावर पोसली. पाचव्याच्या वेळी तर तिने शेजारणीच्या आजारी पोरालाही पाजले होते. मी दहावीत होते त्या वर्षी, म्हणजे १९९६ च्या सुमारास, ती आमच्याकडे राहायला आली. आंघोळीच्या वेळी आईला तिच्या छातीवर काहीतरी दिसले. कातडी संत्र्याच्या सालीसारखी झाली होती आणि बोंड आत ओढले गेले होते. आईने घाबरून विचारले तेव्हा मावशी पदर ओढून घेत म्हणाली, "अगं, दुधाची जुनी गाठ आहे. दुखत न्हाय की खुपत न्हाय. सात लेकरं पाजली मी, मला काय व्हतंय?"

ती गाठ दीड वर्षापासून होती. भात लावणी, मग कापणी, मग थोरल्याचे लग्न, अशी एकेक कारणे निघत गेली. मुंबईला नेले तेव्हा डॉक्टर म्हणाले, उशीर झाला. पुढच्या दिवाळीला मावशी नव्हती. वय बावन्न.

पुष्कळ मुले, लवकर लग्न, वर्षानुवर्षे अंगावर पाजणे: मॅकमोहन यांच्या कोष्टकात मावशीला सगळ्यांत सुरक्षित रकान्यात जागा मिळाली असती. तरी तिला तो रोग झालाच. धोका कमी होणे म्हणजे धोका नसणे नव्हे. शंभर बायकांमागे किती, हे आकडे सांगतात. त्या शंभरांतली कोणती, हे सांगत नाहीत. आणि माझ्या बहिणीच्या बाबतीत विचार करण्याजोगी गोष्ट कोणती? तिची एक मुलगी नव्हे. तिच्या आईला हा रोग झाला होता, ही. आई, बहीण किंवा मुलगी यांपैकी एकीला तो झाला असेल तर धोका दुपटीच्या जवळ जातो. हे घरात कोणी बोललेच नव्हते, कारण मावशीचा आजार काय होता ते आम्ही तिच्या मुलांना नीट सांगितले नव्हते. 'छातीचा विकार' म्हणून सांगितले होते. लाजेने एका बाईचा जीव घेतला आणि दुसरीला पंचवीस वर्षे अंधारात ठेवले.

आमच्या भागात असा समज अजून आहे की, हा रोग शहरातल्या, न पाजणाऱ्या, एका मुलावर थांबणाऱ्या बायकांचा. समजाला थोडा आधारही आहे. सोलापूर जिल्ह्यात बार्शीला १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदवही सुरू झाली. तिच्यात सुरुवातीच्या वर्षांत स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण मुंबईच्या निम्म्याहून कमी होते. खेड्यातल्या बाईला गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग अधिक होत होता. पण काळ पालटला आहे. १९९२-९३ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात एका स्त्रीमागे सरासरी तीनच्या जवळ मुले होती. २०१९ ते २१ च्या पाहणीत ती १.७ वर आली. महाडच्या कारखान्यांत आणि बँकांत आता आमच्या मुली काम करतात, पंचविशी-तिशीत लग्न करतात, एक-दोन मुलांवर थांबतात. हे चांगलेच झाले. यासाठी र. धों. कर्व्यांसारख्या माणसाने १९२१ सालापासून मुंबईत लोकांचे शिव्याशाप सोसून संततिनियमनाचे केंद्र चालवले. त्या सुखाबरोबर हा एक धोका थोडा वाढणार, हे ओळखून वागायचे. घड्याळाचे काटे मागे फिरवायचे नाहीत. आज भारतातल्या स्त्रियांत सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग स्तनाचाच आहे.

मग पोलादपूरच्या वाडीतल्या बाईने करायचे काय? तिथे मॅमोग्राफीचे यंत्र कुठून आणायचे? याचेही उत्तर परळनेच शोधले. टाटा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी १९९८ साली मुंबईच्या झोपडपट्ट्यांत एक प्रयोग सुरू केला. पस्तीस ते चौसष्ट वयाच्या दीड लाखाहून अधिक स्त्रिया त्यात होत्या. त्यांच्यातल्या निम्म्या वस्त्यांत, शिकवून तयार केलेल्या साध्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी स्त्रियांचे स्तन हाताने तपासले. वीस वर्षांचा हिशेब २०२१ साली प्रसिद्ध झाला. हाताच्या तपासणीने रोग लवकरच्या अवस्थेत सापडू लागला आणि पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू सुमारे तीस टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांत मात्र मृत्यू तसे घटलेले दिसले नाहीत, हेही सांगितले पाहिजे. पण यंत्र नाही म्हणून काही करता येत नाही, हे म्हणणे खोटे ठरले. शिकलेल्या बाईचा हात आणि दाखवणाऱ्या बाईचे धैर्य, एवढे भांडवल पुरले. आता सरकारी आरोग्य कार्यक्रमातही तीस वर्षांवरील स्त्रियांची ही तपासणी धरलेली आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन ती मागायची, एवढेच.

बहिणीची सोनोग्राफी झाली. काही निघाले नाही. आईचा इतिहास कळल्यावर डॉक्टरांनी तिला दर वर्षी यायला सांगितले आहे आणि ती जाते. गेल्या भाऊबीजेला आम्ही सगळी भावंडे एकत्र जमलो होतो. जेवणे आटोपल्यावर मी पहिल्यांदाच मावशीच्या साती मुलांसमोर तिच्या आजाराचे खरे नाव उच्चारले. कुणीच काही बोलले नाही. मग थोरला भाऊ, जो लालबागला गिरणीत होता आणि संपानंतर गावी परतला, हळूच म्हणाला, "मला ठाऊक होतं गं. पण बहिणींपुढं ते नाव कसं घ्यायचं?" त्याची म्हातारी झालेली बायको मागून म्हणाली, "घ्यायचं. नाव घेतलं म्हणून काय रोग दारात येतो?" दुसऱ्या आठवड्यात ती दोघी नणंदांना घेऊन आरोग्य केंद्रात गेली.

नरकचतुर्दशीला पहाटे आपल्याकडे बायका एकमेकींना तेल लावतात. वर्षभर रांधण्या-वाढण्यात स्वतःच्या अंगाकडे पाहायला जिला फुरसत नसते, तिच्या अंगावरून त्या दिवशी मायेचा हात फिरतो. त्या वेळी हाताला न दुखणारी गाठ लागली, कातडी ओढल्यासारखी दिसली, बोंडातून रक्त आले किंवा नेहमीपेक्षा काही वेगळे वाटले, तर फराळ आटोपताच डॉक्टरांकडे जावे. लेकरे सात असोत, एक असो, की एकही नसो.

त्या शेवटच्या बाईलाही एक शब्द सांगायचा आहे. मूल न झालेल्या बाईला आमच्या भाषेने फार वाईट नावे ठेवली आहेत. तिला आणखी एका रोगाची भीती घालण्यासाठी हे शास्त्र जन्माला आलेले नाही. रामाझिनीने जोगिणींची नोंद केली ती कामकऱ्यांच्या दुखण्यांच्या ग्रंथात. त्यांचे दुःखही कुणीतरी मोजले पाहिजे, म्हणून.

या वर्षी सहल गडावर जाईल तेव्हा कोणी तोच प्रश्न विचारला, तर मी उत्तर तयार ठेवले आहे. हिरकणीने कडा उतरला तो बाळासाठी तर खराच, पण तिच्या स्वतःच्या शरीराचीही हाक तिने त्या रात्री ऐकली. माझ्या मावशीला तीच हाक ऐकू आली होती. तिने ती पदराआड झाकून ठेवली, कारण ऐकायला आम्ही तिला कधी शिकवलेच नव्हते.